काळ्या शीटवरचं वाळवण

ओवीच्या रक्तात शिसं सापडलं, त्या दिवशी ऋतुजाला पहिल्यांदा स्वतःच्या हातांची भीती वाटली.

डॉक्टर बोरगावे बाईंनी छोट्या यंत्राचा पडदा तिच्याकडे फिरवला. सतरा. पाचाच्या आत असायला हवा होता तो आकडा. अडीच वर्षांची ओवी खुर्चीत बसून बोटाला बांधलेल्या कापसाकडे कौतुकानं बघत होती.

"माझं बोट झोपलंय," ती म्हणाली.

"झोपू दे हं त्याला," बोरगावे बाई म्हणाल्या आणि मग आवाज उतरवून ऋतुजाशी बोलू लागल्या. "घाबरून जायचं नाही. औषध देऊन शिसं ओढून काढायची वेळ पंचेचाळीसच्या पुढं येते. सतराला आपण लोह देतो, कॅल्शियम देतो, लिंबू-आवळा देतो आणि वाट बघतो. पण ते शरीरात येतंय कुठून, हे सापडलं पाहिजे. वाढत्या मुलाच्या शरीराला शिसं आणि कॅल्शियम यातला फरक कळत नाही. आपलंच समजून ठेवून घेतं. हाडात ठेवतं, मेंदूत ठेवतं. तुम्ही कुठं असता कामाला?"

विचारायची गरज नव्हती. ऋतुजाच्या गळ्यातलं कार्ड बाईंना दिसत होतं.

"माळावर," ती म्हणाली.

आटपाडीत आता माळावर म्हणजे कारखान्यात. सहा वर्षांपूर्वीपर्यंत तिथं कुसळं आणि मेंढरांच्या वाटा होत्या. पाऊस कमी आणि ऊन उतू जाणारं, म्हणून ही जागा निवडली असं म्हणतात. छापखान्यात वर्तमानपत्राचा कागद धावतो तसं तिथं प्लॅस्टिकचं रीळ धावतं आणि त्यावर शाई बसते. शाईत शिसं, आयोडीन आणि एक सेंद्रिय क्षार. ओली असताना ती पिवळी दिसते. गरम हवेच्या झोतातून गेली की काही सेकंदांत आतले कण रांगेत उभे राहतात, स्फटिक जुळतो आणि रंग काळपट तपकिरी होतो. तो स्फटिक ऊन पकडतो आणि त्याची वीज करतो. पेरोव्हस्काइट हे त्याचं नाव गावाच्या जिभेवर कधी बसलं नाही. गावासाठी ती काळी शीट. घराच्या छपरावर, गोठ्यावर, एस.टी.च्या टपावर, बाजारातल्या छत्र्यांवर, सगळीकडे काळी शीट.

शिसं तसं थोडंच. चौरस मीटरभर शीटमध्ये गव्हाच्या बारा दाण्यांच्या वजनाइतकं. पण शिशाच्या बाबतीत थोडं हा शब्द फसवा. लेकराच्या शरीराला दाणा काय, दाण्याचा कणही जड जातो.

आणि या शीटचं पाण्याशी वाकडं. ओल लागली की तो देखणा स्फटिक मोडतो, काळं पुन्हा पिवळं होतं. ते पिवळं म्हणजे शिशाचं आयोडाइड. म्हणून दोन्ही अंगांनी जाड प्लॅस्टिक आणि चारही बाजूंना दोन बोटं रुंद चिकट पट्टी. शीटचा जीव तिच्या कडेत, असं माळावर नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवतात. ऋतुजानं रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलेलं. तिचं काम तपासणीचं. निळ्या उजेडाखाली शीट मंद लाल चमकते. जिथं हवा शिरली असेल तिथं काळा डाग दिसतो. असे डाग पकडण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे. दिवसाला दोन हजार शीटा तिच्या डोळ्यांखालून जात.

काम सोडून घरी जाताना आंघोळ. केस धुवायचेच. बूट तिथंच, कपडे तिथंच. जमीन कधी कोरडी झाडायची नाही, ओल्या फडक्यानं टिपायची. हे सगळे नियम ऋतुजा पाळत होतीच, त्यावर तिचे स्वतःचे आणखी चार होते. तरीही सतरा.

त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा ओवी नेहमीसारखी उंबऱ्यावर हात वर करून उभी होती. "मम्मा, उचल."

"थांब हं, मी आंघोळ करते."

"तू ओली आहेस की," ओवी म्हणाली. खरंच, केस अजून ठिबकत होते.

ऋतुजानं दुसऱ्यांदा आंघोळ केली. मग नखं कापली. मग ओवी पुन्हा समोर आली, तेव्हा तिनं तिला उचललं नाही, बाहुली पुढं केली. पहिल्या दिवशी ओवी रडली. चौथ्या दिवशी तिनं हात वर करणंच सोडलं आणि आजीच्या मांडीवर जाऊन बसली. ते रडण्यापेक्षा वाईट होतं.

"असं लेकराला तोडू नये, ऋतू," सासूबाई शालन म्हणाल्या. त्या स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसून ओवीला काहीतरी भरवत होत्या. "तुझ्या हाताला काही नसतंय. इतकं धुतेस, कातडं निघायची वेळ आली."

"मग कुठून आलं, आई?"

"यंत्र चुकत असेल. माणसं चुकतात, यंत्राला काय झालंय?"

हर्षद, तिचा नवरा, एस.टी. डेपोत बसगाड्यांच्या बॅटऱ्या बघायचा. तो जेवता जेवता म्हणाला, "काम सोडायचं असेल तर सोड. मी काही म्हणणार नाही."

तो काही म्हणणार नाही हे तिला ठाऊक होतं. पण काम सोडलं आणि तरीही आकडा चढत राहिला तर? मग कुणाकडे बघायचं? ऋतुजाला डाग शोधायची सवय होती. डागाला पाठ दाखवायची नव्हती.

रविवारी ती माळावरून परवानगी काढून एक छोटी बाटली आणि जांभळी टॉर्च घरी घेऊन आली. कारखान्यात त्या बाटलीला हिरवा फवारा म्हणत. त्यातला क्षार शिशाच्या कणाला भेटला की जागच्या जागी चिमुकला पेरोव्हस्काइट तयार होतो आणि जांभळ्या टॉर्चखाली हिरवा उजळतो. ज्या स्फटिकाच्या जोरावर कारखाना चालतो तोच स्फटिक शिशाची चुगली करतो. डोळ्याला न दिसणारा कणही दिसतो, फक्त अंधार हवा.

दुपारी अंधार कुठून आणायचा? तिनं पलंगावरची जाड गोधडी डोक्यावरून घेतली आणि आत बसून एकेक वस्तू तपासली. स्वतःची ओढणी. पर्स. गाडीची किल्ली. जेवणाचा डबा. ओवीवर ती फवारा मारणार नव्हती, म्हणून तिनं एक ओली चिंधी स्वतःच्या तळव्यांवरून फिरवली, दुसरी ओवीच्या, आणि चिंध्यांवर फवारा मारला.

तिची चिंधी काळीच राहिली.

ओवीच्या चिंधीवर सहा-सात हिरवे ठिपके उमटले, झुडपात काजवे असावेत तसे.

ऋतुजा किती वेळ बघत राहिली कुणास ठाऊक. गोधडीची एक कड वर झाली आणि शालनबाईंचं डोकं आत आलं.

"काय चाललंय गं? घाम येईल की."

"आई, आत या. कड खाली सोडा. आत्ता ओवीच्या हातात काय होतं?"

"काय असणार? कुरडई. डब्यातली कच्चीच चघळते ती, दातांना बरं वाटतंय तिच्या."

"एक द्या मला."

शालनबाईंनी पदराच्या गाठीतून कुरडईचं वेटोळं काढून दिलं. पांढरंशुभ्र, जाळीदार, जणू लोकरीचा गुंडा. ऋतुजानं फवारा मारला, टॉर्च लावली. वेटोळ्याची खालची बाजू हळूहळू उजळत गेली. शेवेचा एकेक धागा हिरवा झाला, आणि गोधडीच्या त्या कोंदट अंधारात दोघींच्या तोंडावर हिरवट उजेड पडला.

"किती छान दिसतंय गं," शालनबाई म्हणाल्या.

ऋतुजानं टॉर्च तशीच धरून ठेवली. मग शालनबाईंनी गोधडी झटक्यात दूर सारली आणि उजेडात तिच्या तोंडाकडे बघितलं.

"हे तेच हाय का?"

"तेच आहे, आई."

दोघी गच्चीवर गेल्या. बाज अजून तिथंच होती, तिच्यावर काळी शीट अंथरलेली. मोहरी वाळत पडली होती. ऋतुजानं मोहरी बाजूला सारली आणि गुडघ्यांवर बसून कड बघितली. चिकट पट्टी नव्हतीच. दोन बाजूंनी शीट सरळ कापलेली होती, शिंप्याच्या कात्रीनं कापावी तशी नीट. कापलेल्या कडेपासून आत वीतभर रंग पिवळा झाला होता.

"हळद लागलीय ती, सांडग्यांची," शालनबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मात्र हळदीचा नव्हता.

"कापली कुणी?"

"मी." मग जरा थांबून, "तुलाच विचारलं होतं की मी. पाडव्याच्या आदल्या दिवशी. तू डबा भरत होतीस. म्हटलं, छपरावर घालून उरलेली ती शीट वाळवणाला घेऊ का? तू म्हणालीस, घ्या की, दोन्ही अंगांनी प्लॅस्टिक आहे, आतलं बाहेर येत नाही."

ऋतुजाला आठवलं. गाडी सुटत होती, ओवीला ताप होता, पोळ्या गरम होत्या. आणि ती खरंच तसं म्हणाली होती.

"अख्ख्या शीटबद्दल म्हणाले होते मी."

"अख्खी बाजेवर मावत नव्हती, ऋतू."

यात कुणाचं काय चुकलं? शीट काळी, म्हणून तापायची झटकन. जुन्या लुगड्यावर कुरडई वाळायला तीन दिवस, हिच्यावर एकच. चिकटायची नाही, माती लागायची नाही. घरात चांगली वस्तू पडून असताना ती वाया घालवायची रीत शालनबाईंच्या माहेरी नव्हती आणि सासरीही नव्हती. बाजेच्या मापानं शीट कापली, झालं.

पण गहू तीन दिवस भिजत घालतात, तो आंबतो. त्याचा चीक मीठ घालून चुलीवर शिजवतात आणि कढत कढत सोऱ्यातून थेट शीटवर पाडतात. आंबट, खारट आणि उकळता. कॉलेजात असताना ऋतुजानं शिशाचं हेच पिवळं आयोडाइड उकळत्या पाण्यात विरघळवलं होतं. गार पाण्यात ते जेमतेम विरघळतं, उकळत्यात पाच-सहापट. ते पाणी निवलं की नळीत सोनेरी वर्ख भुरभुरत खाली उतरतो. अख्खा वर्ग बघत राहिला होता. कितीदा तरी तिनं तो प्रयोग पुन्हा करून बघितला होता, नुसता सुंदर दिसतो म्हणून.

ती तशीच खाली उतरली. ओवी अंगणात चिमण्यांशी भांडत होती. ऋतुजानं तिला उचललं आणि इतकं घट्ट धरलं की ओवी म्हणाली, "मम्मा, माझं पोट दुमडलं."

"कुणाकुणाला दिलीत आई?"

शालनबाई बोटांची पेरं मोजू लागल्या. उरलेले तुकडे त्यांनी गल्लीत वाटले होते. विमलला एक, मागच्या आळीतल्या दोघींना दोन, गुरवांकडं एक. "सगळ्या मागं लागल्या होत्या. शालनच्या कुरडया एका दिवसात वाळतात म्हणून." मोजता मोजता त्या एकदम थांबल्या. "स्नेहलकडं डबा गेलाय."

स्नेहल म्हणजे हर्षदची धाकटी बहीण. कऱ्हाडला दिलेली. सातवा महिना चालू होता तिला.

ऋतुजानं फोन उचलला. शालनबाईंनी तो तिच्या हातातून काढून घेतला. "मी सांगते. माझ्या हातचं आहे, माझ्या तोंडानं जाऊ दे."

फोनच्या पडद्यावर स्नेहल दिसली, तोंडात घास. "काय गं आई? भर दुपारी? वहिनीशी भांडलीस का काय?"

"स्नेहल, तो कुरडयांचा डबा आहे ना, तो खायचा नाही."

"का? संपत आला तो. परवाच भाजी केली होती, सासूबाईंना फार आवडली. म्हणाल्या, आईला सांग आणखी..."

"खायचा नाही म्हणते ना!" शालनबाई ओरडल्या, आणि मग रडू लागल्या. पुढचं ऋतुजाला सांगावं लागलं. उद्या सकाळी रक्त तपासायचं, डॉक्टरांना शिसं असं स्पष्ट म्हणायचं, डबा फेकायचा नाही, पिशवीत बांधून ठेवायचा. स्नेहलनं समोरचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "वहिनी, बाळाला काही होईल का?"

"मला माहीत नाही," ऋतुजा म्हणाली. खोटं बोलणं सोपं होतं. पण एकदा घाईत दिलेल्या उत्तरानं इथवर आणलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्नेहलचा आकडा आला. सहा. तिच्या डॉक्टरांनी कॅल्शियम वाढवलं आणि दर पंधरवड्याला यायला सांगितलं. सहा म्हणजे सुटल्यासारखंच होतं, अगदी सुटलं मात्र नव्हतं.

"आता गल्लीचं काय?" त्या संध्याकाळी ऋतुजानं विचारलं.

हर्षदनं ताटावरून मान वर केली नाही. "तुकडे परत मागून घेऊ. म्हणू, कारखान्यानं परत मागवलेत. कुरडया पण गोड बोलून घेऊन टाकू. उगीच बोभाटा कशाला?"

"आणि महिनाभर खाल्ल्यात त्या? त्या कशा परत घेणार?"

"ऋतू," शालनबाई म्हणाल्या. त्यांनी दोन दिवसांत काही धड खाल्लं नव्हतं. "तीस वर्षं माझ्या हातच्या कुरडया या गल्लीतनं लग्नाच्या रुखवतात गेल्यात. माझ्या नातीच्या अंगात माझ्या हातानं गेलं, ते मी सोसेन. पण साऱ्या गल्लीनं मला त्या नावानं ओळखावं, हे नको गं. एवढं माझं ऐक."

ऋतुजाचाही पाय अडकलेला होताच. छपरासाठी शीट घेताना कामगाराला एका कागदावर सही करावी लागते. कापणार नाही, मोडणार नाही, जुनी झाल्यावर परत करीन. तिची सही त्या कागदावर होती. हे बाहेर आलं तर तपासणीच्या टेबलावर तिला कोण बसू देईल?

तिनं शालनबाईंकडे बघितलं. खरं तर तिला त्यांच्यावर रागवायचं होतं. राग येतच नव्हता, आणि त्यामुळं सगळं आणखी अवघड झालं होतं.

"विमलकाकूंची नात ओवीएवढीच आहे, आई," ती म्हणाली.

शालनबाई उठून आत गेल्या. त्यानंतर चार दिवस त्या सुनेशी कामापुरतंच बोलल्या. मीठ दे. दार लाव.

दुसऱ्याच दिवशी सकाळी ऋतुजानं विभागप्रमुख काझी सरांना सगळं लेखी दिलं. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"तुम्ही स्वतःहून आलात. हे माझ्या हातात असतं तर..." ते थांबले. "आजपासून तपासणीला बसू नका, मॅडम. चौकशी होईल. शिशाची ओळख असलेलं कुणीतरी त्या शीटा गोळा करायला लागेल मात्र."

"मी करते."

विमलकाकू शेजारच्याच. त्यांनी ऐकून घेतलं, कमरेवर हात ठेवून. मग सुरू झाल्या.

"म्हणजे शिकलेली सून घरात, आणि विष कुरडईत! आम्ही अडाणी, आम्ही विचारलं नाही. पण तू? एवढी पुस्तकं वाचून तुला सासूच्या हातातली कात्री दिसली नाही?"

"नाही दिसली, काकू."

त्या उत्तरानं विमलकाकूंचा जोर जरा ओसरला. मग त्यांनी गच्चीवरून शीटचा तुकडा ओढत खाली आणला. "ही बघ तुझी शीट. आत्ता बंबात घालते. जाळून मोकळी होते."

"काकू, नको!" ऋतुजा मध्ये आली. "जाळली तर शिसं धुरात जातं आणि राखेत राहतं. त्या राखेनं तुम्ही भांडी घासणार. पाण्यानं धुऊ पण नका, ते पाणी तुमच्या परसातल्या अळवात जाईल. झाडू पण मारू नका. फक्त मला हात लावू द्या."

तिनं मोजे चढवले, तोंडाला पट्टी बांधली. ओल्या फडक्यानं शीट दोन्ही बाजूंनी टिपली, पिवळी कड आत घेऊन गुंडाळली, एका पिशवीत घातली, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. फडकंही त्यातच. बाज टिपली, जमीन टिपली, मग हिरवा फवारा. विमलकाकू आपल्या नातीला कडेवर घेऊन लांबून बघत होत्या.

"हे सगळं तू रोज करतेस?" त्यांनी विचारलं.

"रोज."

"मग घरात का नाही केलंस?"

ऋतुजानं पिशवीची गाठ मारली.

शुक्रवारी बालवाडीत रक्ततपासणीचं शिबिर ठेवलं. बोरगावे बाई यंत्र घेऊन आल्या, ऋतुजा नावं लिहायला टेबलाशी बसली. पाच मिनिटांत आकडा कळणार होता. बायका आल्या, पण दारापर्यंतच. अंगणातल्या लिंबाखाली उभ्या राहून कुजबुजत होत्या. आकडा लिहिला की तो जन्मभर कागदावर राहतो. उद्या पोरीला बघायला पाहुणे आले आणि कुणी म्हणालं, ती शिशाच्या गल्लीतली, तर? आणि लेकरांच्या आकड्याचं खापर कुणाच्या माथी? आईच्या, आजीच्या. बाप काय, कुरडया तळून ताटात आल्यावर बघणार.

अकरा वाजले. टेबलावरचा कागद कोराच होता.

तेवढ्यात अंगणातली कुजबुज थांबली. शालनबाई ओवीचं बोट धरून येत होत्या. इस्त्रीचं लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू, जणू हळदीकुंकवाला निघाल्या होत्या. त्या बायकांच्या मधून आल्या, कुणाकडं बघितलं नाही, आणि सरळ खुर्चीत बसून हात पुढं केला.

"तुमची तपासणी नंतर केली तरी चालेल, आजी," बोरगावे बाई म्हणाल्या. "आधी मुलं आणि गरोदर बाया. मोठ्या माणसाच्या अंगात ते मुलांइतकं शोषलं जात नाही."

"माझं आधी करा."

सुई टोचली. यंत्र टिकटिक करत राहिलं. ओवी आजीच्या बोटाकडं बघून म्हणाली, "आता तुझं पण झोपणार."

आकडा आला तेव्हा बोरगावे बाईंनी तो दोनदा बघितला. मग त्या वाकून हळू आवाजात काही सांगू लागल्या.

"मोठ्यानं सांगा," शालनबाई म्हणाल्या. "बाहेर ऐकू गेलं पाहिजे."

"एकोणचाळीस."

ऋतुजाची पेन्सिल थांबली. लेकराला सतरा, आणि तिच्या आजीला एकोणचाळीस? हे ओवीचं बारा किलोंचं अंग नव्हे, हा मोठा देह. इतकं शिसं एवढ्या अंगात भरायचं तर किती खाल्लं असेल? तिनं हिशोब करून बघितला, तो जमेना. तळलेल्या कुरडया सासूबाई कधी घेत नसत. खोकला होतो म्हणायच्या.

"आई, तुम्ही तर कुरडया खातच नाही."

"अख्ख्या नाही खात," शालनबाई म्हणाल्या. आता चार दिवसांनी त्या पहिल्यांदा सुनेकडं नीट बघत होत्या. "अगं, चांगल्या निघतात त्या डब्यात जातात. तुमच्या ताटात, स्नेहलच्या डब्यात, रुखवतात. कडेच्या चिकटतात, मोडतात. तो चुरा टाकायचा का? दूध घालून सकाळी मी खाते. रोजच."

कडेच्या. पिवळ्या कडेच्या. शीटवरचं सगळ्यात वाईट ते रोज सकाळी एका वाटीत जमत होतं, आणि ती वाटी कुणाची हे या घरात कुणी कधी विचारलं नव्हतं. दिवसाला दोन हजार शीटांवरचे डाग पकडणारीनं सुद्धा.

ऋतुजा उठली आणि शालनबाईंच्या खुर्चीशी जमिनीवर बसली. शालनबाईंनी कापूस धरलेलं बोट वर ठेवत दुसरा हात तिच्या डोक्यावर टेकवला.

"मरत नाही मी इतक्यात," त्या म्हणाल्या. "उठ. लोकं बघतात."

लोकं बघतच होती. दारात विमलकाकू येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यांच्यामागं गुरवांची सून, तिच्यामागं आणखी दोघी. विमलकाकूंनी नातीला मागच्या बाईकडं दिलं, आत आल्या आणि शालनबाई उठताच त्याच खुर्चीत बसल्या.

"चुरा माझाबी मीच खाल्लाय," त्या बोरगावे बाईंना म्हणाल्या आणि बाही वर सारली.

ऋतुजानं कागद पुढं ओढला. शिबिराच्या छापील कागदावर प्रश्न होते: घरात सहा वर्षांखालचं मूल आहे का, कुणी गरोदर आहे का, शीट किती दिवस वापरली. दाराबाहेर आता रांग लागत होती. तिनं विमलकाकूंचं नाव लिहिलं. मग पट्टी घेऊन कागदाच्या कडेला एक उभी रेघ मारली आणि नव्या रकान्यावर आपल्या हातानं लिहिलं: मोडलेलं, चिकटलेलं, तळाचं घरात कोण खातं?